पुसलेला काना

बाटलीवरचा काना माझ्या हातून पुसला गेला. तो पुसला गेला हे मला त्याच मिनिटाला कळलं होतं. तीन आठवड्यांनी सरांनी विचारलं तेव्हा मी नानांकडे बोट दाखवलं. एवढं सांगितलं की खरं तर सगळं सांगून झालं. तरी पुढचं लिहितो आहे, कारण ही तीन वाक्यं वाचताना जेवढी वाईट वाटतात, त्यापेक्षा प्रत्यक्षात गोष्ट जास्त वाईट होती.

नव्वद सालच्या आसपास मी धुळ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात पीएच.डी.चं काम करत होतो. पंचवीसचा होतो. नाना विभागातले प्रयोगशाळा परिचर. चाळिशीला टेकलेले, सडपातळ, नेहमी धुतलेल्या पांढऱ्या शर्टात. पिंपळनेरजवळच्या एका खेड्यातल्या बौद्ध कुटुंबातले. आठ वर्षं ते रोजंदारीवर होते. त्या वर्षी रोजंदारीच्या माणसांना कायम करायची यादी निघणार होती आणि प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या माणसाबद्दल शिफारशीच्या चार ओळी लिहून द्यायच्या होत्या. आमचे विभागप्रमुख म्हणजे सर, माझे मार्गदर्शकही तेच. पुढच्या वर्षी नाना वयाच्या अटीबाहेर जाणार होते. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. ही गोष्ट विभागात सगळ्यांना माहीत होती. मलाही होती.

माझा विषय मधमाशीच्या अळीचा. तो थोडा सांगतो, कारण माझं पाप त्यातच आहे.

राणीमाशी आणि कामकरी माशी एकाच प्रकारच्या अंड्यातून येतात. पहिले दोन-तीन दिवस दोघींच्या अळ्या शेजारी ठेवल्या तर ओळखू येत नाहीत. मग दाई माश्या एकीला घट्ट पांढरं राजान्न देत राहतात, दुसरीला पातळ, साधं खाणं. त्या खाण्यामुळे अळीच्या अंगात एक संप्रेरक कमीजास्त होतं. ज्या अळीत ते भरपूर, तिची राणी होते. जिच्यात कमी, तिची कामकरी. मला सगळ्यात नवल वाटलं होतं ते पुढच्या गोष्टीचं. कामकरी होणाऱ्या अळीच्या पोटातसुद्धा सुरुवातीला राणीसारखाच अंडाशय असतो. संप्रेरक कमी पडलं की तो आतल्या आत विरघळतो. अळी खात असते, वाढत असते, आणि तिच्या पोटातली आई मरत असते. संप्रेरक तिला नवीन काही देत नाही. जे आहे ते मरू देत नाही, एवढंच.

आम्ही त्या संप्रेरकासारखं काम करणारं एक कृत्रिम द्रव्य अ‍ॅसिटोनमध्ये मिसळून कामकरी अळ्यांच्या अंगावर एकेक थेंब टाकणार होतो. शेजारच्या घरांतल्या अळ्यांवर नुसतं अ‍ॅसिटोन. रोज पोळ्यातली नवी घरं घ्यायची, पण अळी तिसऱ्या दिवसाचीच. मग कोणती अळी काय होते ते पाहायचं. ते द्रव्य सरांनी खूप पत्रव्यवहार करून मिळवलं होतं. अंगठ्याएवढ्या बाटलीत तळाशी जेमतेम दिसेल इतकं.

माश्या नानांनी आणल्या. त्यांच्या गावाकडे झाडाच्या ढोलीतलं सातेरी माश्यांचं मोहोळ त्यांनी स्वतः उतरवून पेटीत बसवलं होतं. ती पेटी त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीने धुळ्याला आणली. कंडक्टरने विचारलं, यात काय आहे. नाना म्हणाले, “लेकुरवाळी बाई शे. धक्का लागू देऊ नका.” कंडक्टरने म्हणे खरोखर मागच्या माणसाला सरकायला लावलं. हे सांगताना नाना स्वतः हसत नसत, त्यामुळे आम्ही जास्त हसायचो.

नानांचा हात फार स्थिर होता. स्पिरिटच्या दिव्यावर काचेची नळी तापवून ते ती केसासारखी ओढत. गोवरीचा धूर देऊन पेटीतली पोळ्याची चौकट उचलत, तेव्हा एकही माशी चिरडत नसे. अळी असते तांदळाच्या कणीएवढी. तिच्यावर थेंब टाकायचा तर तो अळीवर पडला पाहिजे, बाजूच्या खाण्यात नाही. माझा हात थरथरायचा. म्हणून ठरलं की नळी मी भरून द्यायची आणि थेंब नानांनी टाकायचा. सरांना वाटत होतं की थेंब मीच टाकतो. मी त्यांचा गैरसमज दूर केला नव्हता.

माझी आई अहिराणी बोलते, म्हणून नाना माझ्याशी अहिराणीत बोलत. सरांशी मात्र अगदी पुस्तकी मराठी. एकदा चौकट धरून ते म्हणाले, “भाऊ, ह्या बठ्ठ्या राण्या व्हई ग्यात ते काम कोन करी?” मी म्हटलं, सगळ्या राण्या झाल्या तरी कामाला तुम्ही आहात ना. मी विनोद केला होता. ते चौकटीकडे बघत राहिले.

पहिल्या दिवशी मी दोन बाटल्यांवर चिठ्ठी न लावता मार्कर पेनाने सरळ काचेवर लिहिलं. साध्या अ‍ॅसिटोनच्या बाटलीवर ‘अ’, द्रव्याच्या बाटलीवर ‘आ’. दुसरं कोणी इंग्रजी अक्षरं लिहिली असती. मी मराठी लिहिली, ती नानांना वाचता यावीत म्हणून, आणि हा माझा मोठेपणा आहे असं मला वाटलं होतं.

नानांनी बाटल्या बघितल्या आणि म्हणाले, “भाऊ, ह्या पानीमां शाई टिकस नही. एक बाटलीले लाल दोरा बांधी ठेवा.”

काचसामान धुणारा माणूस तो. अ‍ॅसिटोन शाई खातं हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. मी म्हणालो, “का, बाटलीला दृष्ट लागते का? गंडा बांधू?”

“गंडेदोरे आम्ही केव्हाच सोडलेत, भाऊ,” ते म्हणाले. “बाटलीले चालतस.”

तिथे बसलेले दोन विद्यार्थी हसले. ते नानांच्या उत्तरावर हसले होते, पण मला वाटलं माझ्यावर. मी दोरा बांधला नाही. दोरा टेबलाच्या खणातच होता.

पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी नळी भरताना माझ्या बोटांवर अ‍ॅसिटोन सांडलं आणि त्याच ओल्या अंगठ्याने मी ‘आ’ची बाटली उचलली. खाली ठेवली तेव्हा तिच्यावर नुसता ‘अ’ होता. काना माझ्या अंगठ्यावर निळा डाग होऊन आला होता. दोन्ही बाटल्या सारख्या मापाच्या, दोन्हींतलं पाणी सारखं स्वच्छ, वास सारखा. आणि गोंधळात मी अंगठा पुसायला फडकं घेण्यासाठी त्या दोन्ही एका हाताने बाजूला सरकवल्या. परत पाहिलं तेव्हा कोणती कुठली, मला सांगता येईना.

प्रामाणिक माणसाने तिथे थांबून सरांना सांगितलं असतं. नुकसान झालं असतं, एका दिवसाचं काम आणि ते थोडंसं द्रव्य गेलं असतं. मी अंदाज केला. डावी बाटली द्रव्याची.

नाना चौकट धरून उभे होते. नळी घेताना त्यांनी बाटल्यांकडे पाहिलं. “भाऊ, दोन्हीवर अ शे.”

मी म्हणालो, “तुम्हाला नीट वाचता येतं का, नाना? थेंब टाका.”

नाना मॅट्रिक पास होते. त्यांची कागदपत्रं यादीसाठी मीच टाईप करवून आणली होती. दर रविवारी विहारात ते ग्रंथ मोठ्याने वाचत आणि माणसं ऐकायला बसत, हेही मला ठाऊक होतं. त्यांनी थेंब टाकले. तिसऱ्या दिवशीही मी तोच अंदाज पुढे चालवला. डाव्या बाटलीवर मी पुन्हा काना काढला. माझं अक्षर मला स्वतःलाच खरं वाटू लागलं.

माझा अंदाज चुकला होता.

त्यानंतर जे झालं ते मी रोज पेटीच्या दारात पाहत होतो. कामकरी माश्या अळ्यांना ओळखतात. जी अळी नेमून दिलेल्या वाटेने वाढत नाही, तिला त्या घरातून उपसून ओढत दारापर्यंत आणतात आणि खाली टाकतात. सकाळी पेटीखाली पांढऱ्या, मऊ अळ्यांचा सडा पडलेला असे आणि मुंग्यांची रांग लागलेली असे. ज्या थोड्या वाचल्या त्या पूर्ण वाढून बाहेर आल्या. त्या राण्या नव्हत्या आणि कामकरीही नव्हत्या. पोट लांबलेलं, पायावर पराग ठेवायची टोपली अर्धीमुर्धी, जबडा राणीसारखा खाचेचा. त्यांना अन्न कुणी भरवेना. त्यांच्या पंखांना दोन्हीकडून धरून बहिणींनीच त्यांना दारातून बाहेर ढकललं. एक तर तीनदा चढून परत आली. चौथ्यांदा तिचा पंख तुटला आणि ती पेटीच्या पायाशी गोल गोल फिरत राहिली. मी वहीत त्याची नोंद केली.

पण या अर्ध्या राण्या निघाल्या त्या भलत्याच घरांतून. पहिल्या दिवशीच्या घरांत हिशेब बरोबर होता, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या घरांत उलटा. सरांनी वही दोनदा वाचली. द्रव्य संपलं होतं, वसाहत अर्ध्यावर आली होती, ज्वारीचा फुलोरा सरत आला होता, त्यामुळे त्या हंगामात पुन्हा काही करणं शक्य नव्हतं. सरांनी मला आणि नानांना खोलीत बोलावलं. विभागातले आणखी दोघे प्राध्यापक तिथे बसले होते.

“बाटल्या बदलल्या आहेत,” सर म्हणाले. “कोणी?”

सरांच्या टेबलावर यादीची फाईल होती. नानांच्या नावाचा कागद वरच दिसत होता. त्यावर चार ओळी अजून लिहायच्या होत्या. मी तो कागद पाहिला आणि तरी बोललो. म्हणालो, “थेंब नाना टाकत होते, सर. बाटल्या त्यांच्याकडून अदलाबदल झाल्या असाव्यात.”

‘असाव्यात’ हा शब्द मी वापरला होता. पुढे कित्येक वर्षं मी या एका शब्दाच्या आडोशाला बसून होतो.

नाना माझ्याकडे वळले नाहीत. सरांना म्हणाले, “सर, त्या बाटल्या मागवून बघा. एका बाटलीवर काना दोनदा काढलेला आहे. शाई वेगळी दिसेल.”

बाटल्या त्या सकाळी मी धुऊन जाळीवर पालथ्या घातल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः काचसामान धुतलं होतं. मी म्हणालो, बाटल्या धुतल्या गेल्या. धुण्याचं काम कुणाचं, हे त्या खोलीत कुणाला विचारावं लागलं नाही.

सर दुसऱ्या प्राध्यापकांकडे बघून म्हणाले, “या लोकांना कामावर ठेवलं, माझंच चुकलं.”

हे वाक्य येणार हे मला माहीत होतं. मला ते माहीत होतं म्हणूनच मी नानांचं नाव सांगण्याची हिंमत केली. माझ्या जागी नाना बोलले असते आणि त्यांच्या जागी मी असतो, तर सरांनी पुरावा मागितला असता. नानांच्या बाबतीत तो लागणार नव्हता. मी खोटं बोललो ते सरांच्या मनात आधीपासून तयार असलेल्या जागेवर अगदी नेमकं नेऊन टाकलं, थेंब टाकावा तसं. तेवढ्यापुरता माझा हात थरथरला नाही.

त्या चार ओळी सरांनी लिहिल्या नाहीत. यादीत नानांचं नाव आलं नाही आणि महिनाअखेर त्यांना यायला नको सांगितलं गेलं. शेवटच्या दिवशी ते पेटी न्यायला आले. माश्या उरल्या होत्या मूठभर. गोणपाट ओलं करायला मी बादली पुढे केली, तर ते म्हणाले, “राहू द्या, साहेब. मी करतो.” भाऊचा साहेब झाला होता आणि अहिराणी गेली होती. त्यानंतर नाना माझ्याशी अहिराणीत एक शब्दही बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी दुसरी बाटली आली, दुसरी पेटी आली, प्रयोग पुन्हा झाला. या वेळी मी बाटलीला लाल दोरा बांधला. निष्कर्ष सुरेख आले. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी सरांचे, सरांच्या पत्नीचे, टायपिस्टचे आणि माझ्या मोठ्या भावाचे आभार मानले. मग मला जळगावला लेक्चररची नोकरी मिळाली. दर वर्षी मी मुलांना हा धडा शिकवायचो. फळ्यावर अळी काढायचो आणि सांगायचो की संप्रेरकाचा परिणाम ठराविक दिवसांतच होतो, ते दिवस टळले की मग कितीही द्या, उपयोग नाही. मुलं हे वहीत उतरवून घ्यायची. सात-आठ वर्षं मी हे वाक्य न अडखळता बोललो.

नाना दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रावर आहेत हे मला एका जुन्या शिपायाकडून कळलं. ठेकेदाराकडे राखेच्या गाड्या भरण्याच्या कामावर होते. एका रविवारी मी भुसावळहून रिक्षाने गेलो. वसाहतीच्या बाहेर दोन खोल्यांचं घर, दारात तुळतुळीत सारवलेलं अंगण. नाना खाटेवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. भुवया आणि पापण्यांवर राखेची बारीक कड राहिलेली. त्यांनी मला ओळखलं, बसायला सांगितलं, मुलीला पाणी आणायला सांगितलं. मुलगी कॉलेजात जाण्याच्या वयाची होती. तिने विचारलं, हे कोण. नाना म्हणाले, “माझ्या जुन्या ऑफिसातले साहेब.”

मी आधी इकडचं तिकडचं बोललो. मग म्हणालो की त्या वेळी जे झालं त्याबद्दल मला फार वाईट वाटतं. ‘जे झालं’ म्हणालो. मी काय केलं ते तेव्हाही म्हटलं नाही.

नानांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली. “माझं नाव आहे का तुमच्या प्रबंधात?”

मी नाही म्हणालो.

“मग ठीक आहे. मला वाटलं, असलं तर काढून टाकायला सांगावं.” मग म्हणाले, “साहेब, थेंब तिसऱ्या दिवशी टाकायचा असतो. तुम्हीच शिकवलं होतं मला.”

मी तरीही म्हणालो, “मला माफ करा.”

“इथं माफी मागता,” ते म्हणाले, “इथं ऐकतंय कोण? तुम्ही आणि मी. आपल्या दोघांना तर ते पहिल्यापासून ठाऊक आहे. ज्या खोलीत बोललात त्या खोलीत बोला. जमलं तर.”

आवाज चढलेला नव्हता. मुलगी पाणी घेऊन आली, मी प्यायलो आणि निघालो. दारापर्यंत कोणी आलं नाही. येताना मला राग आला होता, हेही कबूल करतो. मला वाटलं होतं की मी एवढ्या लांब आलो म्हणजे ते विरघळतील. घरी येऊन बायकोला मी सांगितलं की माणूस फार कडवट झाला आहे. तिने विचारलं, कशामुळे. मी जेवायला वाढ म्हणालो.

त्यानंतर दोन वर्षांनी सर निवृत्त झाले. निरोप समारंभ विभागातच ठेवला होता, सरांच्या खोलीला लागून असलेल्या प्रयोगशाळेत. मधलं दार काढून दोन्ही मिळून एक हॉल केला होता. जुन्या विद्यार्थ्यांपैकी मी बोलावं असं ठरलं. मी नानांना पोस्टकार्ड टाकलं: अमुक दिवशी, अमुक वाजता, त्याच खोलीत. दुसरं काही लिहिलं नाही. ते येतील असं वाटलं नव्हतं. पण मी उभा राहिलो तेव्हा ते मागच्या ओळीत, बेसिनजवळच्या खुर्चीवर होते. त्याच जागी ते पूर्वी बाटल्या धुवायचे. अंगात पांढरा शर्ट. शेजारी त्यांची मुलगी. त्या दिवशी खोलीत असलेल्या दोन प्राध्यापकांपैकी एक पहिल्या ओळीत बसले होते.

मी सरांच्या गौरवाचं भाषण लिहून नेलं होतं. खिशातून काढलं आणि परत ठेवलं. काय झालं ते मी क्रमाने सांगितलं. अंगठ्यावरची शाई, माझा अंदाज, पुन्हा काढलेला काना, माझ्या हाताने धुतलेल्या बाटल्या. सरांनी मध्येच हात वर केला, आता कशाला, असं काहीतरी म्हणाले. पहिल्या ओळीतून कुणीतरी म्हणालं, ही वेळ नव्हे. मीही थांबलो असतो, तेवढा मी भित्रा आहेच. पण बेसिनजवळ नाना उठून उभे राहिले होते. मान थोडी तिरकी, चौकट धरताना असायची तशी. मी सरांचं नाव घेतलं नाही, समोरच्या लोकांकडे पाहिलं नाही. ज्या बोलीत त्यांनी मला दोऱ्याचं सुचवलं होतं, त्याच बोलीत मी त्यांना म्हणालो:

“नाना, काना मना हातखाल पुसाई ग्या. माले माहित व्हतं. तरी मी नाव तुमनं सांगं, कारन तुमनं नाव सांगं ते कोनी इचारनार नही हाई बी माले माहित व्हतं. चूक मनी व्हती. तुमनी नोकरी मी खादी. माले माफ करा.”